पाठमोरा शॉट

तुळजा गेल्याचं मला तिच्याच फोनवरून कळलं.

मी घराच्या मागच्या पडवीत प्लास्टिकचे पाइप जोडत बसलो होतो. त्यावरून कॅमेऱ्याची गाडी सरकवायची होती. फोन वाजला, तिचं नाव दिसलं, म्हणून उचलून मी एकदम विचारलं, "मिरच्या घेतल्यास का?" पलीकडे कोणी पुरुष होता. म्हणाला, "काका, ह्या मावशी तुमच्या कोण?" पौडच्या स्टँडवर ती गाडीची वाट बघत बसली होती, ती बसल्या जागी कलंडली. लोकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. तो माणूस भला होता. "तुम्ही या, सावकाश या," असं तो सारखं म्हणत होता. सावकाश या म्हणाला तेव्हा मला कळलं.

दुपारी तिला घरी आणलं. सवाष्ण बाई गेली की तिला भावाने आणलेल्या साडीत न्यायचं, अशी आमच्याकडची रीत. तिचा धाकटा भाऊ कोंडिबा हडपसरला असतो. तो हिरवी साडी घेऊन निघाला आणि भूगावला अडकला. शनिवार होता. पुण्याची माणसं फार्महाऊसला निघालेली, गाड्या जागच्या हलत नव्हत्या. तो फोनवर सांगत होता, "दाजी, निगालोय, एवढा चौक सुटला की आलोच." ऊन उतरायला लागलं. जाणती माणसं म्हणाली, दिवस आहे तोवर आटपा. मग शेजारच्या सगुणाबाईने आमचं कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत इस्त्री केलेली एक हिरवी साडी होती. तिला वाटलं, तुळजाने ठेवणीतली म्हणून ठेवली असेल. तिने ती काढली आणि बायकांनी तुळजाला नेसवली.

ती साडी चित्रपटातली होती.

दिशा दारात उभी होती. चित्रपटातले कपडे आणि वस्तू सांभाळायचं काम तिच्याकडे. तिने हात वर केला, काहीतरी बोलणार होती, मग तोच हात तोंडावर ठेवला. मीही पाहिलं होतं. मी नेसवू दिली. त्या साडीत तुळजा चांगली दिसायची.

कोंडिबा पोचला तेव्हा जाळ धरला होता. दुकानातली पिशवी हातात घेऊन तो उभा राहिला. म्हणाला, "दाजी, हिचं काय करू?" मी म्हणालो, "दे हिकडं." घरी येऊन मी ती कपाटात ठेवली, पहिली होती त्याच जागी.

चित्रपटाचं सांगतो.

माझं पौडला जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. गाव आमचं तिथून पुढे, मुळशी धरणाच्या काठाला. मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने देतो. गेल्या दिवाळीनंतर मृण्मयी नावाची मुलगी खोल्या बघायला आली. लवळ्याच्या कॉलेजात शिकलेली, घर बावधनला. मला वाटलं, कंपनीतली असेल. ती म्हणाली, चित्रपट करायचाय. तिच्याबरोबर दिशा होती आणि इंद्रजित म्हणून कॅमेरावाला होता. एवढीच माणसं. मी विचारलं, बाकीचे कधी येणार? ती म्हणाली, "आम्हीच, काका."

गोष्ट साधी होती. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि बुडालेल्या गावाची जोती उघडी पडतात. आमच्याकडे ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. एक बाई आपल्या आजीचं घर शोधायला तिथे उतरते आणि परत येत नाही. कुठे गेली, ते सांगत नाहीत. शेवटी ती पाण्याकडे चालत जाते, एवढंच दिसतं.

त्या बाईच्या कामाला आधी पुण्याची एक नटी होती. दुसऱ्या दिवशी न्हाणीत तिला विंचू दिसला, ती ओल्या केसांनी गाडीत बसून निघून गेली. मृण्मयी ओट्यावर डोकं धरून बसली होती. तेवढ्यात गॅसवाला आला आणि तुळजाने त्याला धरलं. "टाकी ठिवतुयास का आदळतुयास? तुज्या आईच्या घरी आसंच आदळतुयास व्हय?" तो बिचारा टाकी परत उचलून हळू ठेवायला लागला. मृण्मयीने डोकं वर केलं आणि बघत राहिली. संध्याकाळी तिने तुळजाला विचारलं. तुळजा म्हणाली, "मला न्हाई जमायचं बाई नाटक." मृण्मयी म्हणाली, "मावशी, नाटक नकोच आहे."

असं ते सुरू झालं. कॅमेरा बावधनच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचा होता. मुहूर्त असेल त्या दिवशी तो लग्नात, नसेल त्या दिवशी आमच्याकडे. म्हणून शूटिंग पंचांग बघून चालायचं, पण उलटं. लोक मुहूर्त शोधतात, मृण्मयी मुहूर्त नसलेले दिवस शोधायची. अमावास्येला तर हमखास काम. गावात लोक हसायचे. ज्यांच्या रानातून आम्ही धरणाकडे उतरायचो ते हैबतराव म्हणायचे, "समदं गाव ज्या दिशी घरात बसतंय त्या दिशी तुमी भाईर. भुतांचा पिच्चर हाय काय?" तुळजा म्हणायची, "व्हय, तुमचाबी एक सीन हाय त्यात."

मी लाइटी बांधून द्यायचो. मोठे दिवे नव्हतेच. हॅलोजन आणि त्यापुढे चादर. कधी कधी घाम गाळून चादर बांधली की जवळच्या रिसॉर्टवर गाणी सुरू व्हायची, मग आवाज नको म्हणून थांबायचं. ती थांबली की ढग यायचा. मला त्या पोरांचं नवल वाटायचं. रागावायची नाहीत. भाकरी खाऊन परत उभी राहायची.

काम झालं की मागच्या भिंतीवर त्या दिवसाचं बघायचं. पहिल्यांदा तुळजाने स्वतःला चालताना पाहिलं तेव्हा ती पुढे वाकून बघायला लागली. मला म्हणाली, "अवो, मी आशी चालते व्हय?"

"आशीच."

"मला कदी सांगितलं न्हाई."

"काय सांगायचं त्यात?"

ती खूप वेळ हसत होती. पुढचे दोन दिवस चालताना मध्येच थांबायची, पायाकडे बघायची. मग विसरली.

ती गेली त्या सकाळी बाजाराला निघताना दारातून म्हणाली, "पाइप नीट जोडा. परवा माजं चालणं हाय." तोच शेवटचा शॉट राहिला होता.

तेरावा झाल्यावर मृण्मयी आली. आत आली नाही, उंबऱ्यावरच बसली. दहाव्याला माझं डोकं आणि मिशी काढली होती, तिला मी आधी ओळखूच आलो नाही.

"काका, मी थांबवते सगळं," ती म्हणाली.

"राहिलंय किती?"

"एकच. मावशी पाण्याकडे जातात तो. पाठमोरा आहे, चेहरा दिसत नाही त्यात."

"आन् तो नसला तर?"

"मग ती बाई पाण्याकडे गेली हेच कळत नाही. पिक्चर संपत नाही काका. नुसता थांबतो."

मी म्हणालो, थांबायचा नाही. तुळजाने दोन वेळचा स्वयंपाक करून, उन्हात पाय भाजून घेऊन ते काम केलं होतं. ते अर्धं ठेवायचं आणि कुठल्या तरी डब्यात पडून राहायचं, हे मला चालणार नव्हतं. मी म्हणालो, "चेहरा न्हाई ना दिसत? मग दुसरी बाई उभी कर. आन् लवकर कर. पानी चढायला लागलं की जोती जात्यात."

जून लागायला आला होता.

बाई मिळेना. सगुणाबाईची सून रेश्मा अंगाने तुळजासारखी. तिला विचारलं तर ती दोन पावलं मागे सरकली. "गेलेल्या सवाष्णीच्या जागी हुबं ऱ्हायाचं? माजी लेकरं ल्हान हायेत, मामा." तिला दोष नाही. गावात कोणीच तयार झालं नसतं. मग दिशा साडी नेसून अंगणात चालली. पोरगी गुणाची, पण मॉलमध्ये चालल्यासारखी चालायची. मृण्मयी म्हणाली, दिशा, खांदा खाली. दिशाने दोन्ही खांदे खाली केले.

"तसं न्हाई," मी म्हणालो. "डावा एकटाच. कळशी घिऊन घिऊन तिकडं कललेला व्हता. आन् उजवा पाय जरा भाईर टाकायची. उचलायची न्हाई, लोटायची."

"म्हणजे कसं काका?"

मी उठलो आणि दाखवलं. पडवीपासून गोठ्यापर्यंत गेलो. मग वळून पाहिलं. इंद्रजित चहात पाव बुडवत होता. पाव मोडून चहात पडला तरी त्याचं लक्ष नव्हतं. तो म्हणाला, "काका, परत एकदा जाता?"

तुळजा आणि मी उंचीला सारखे. लग्नात आम्हाला शेजारी उभं बघून तिचा मामा म्हणाला होता, बैलजोडी जमली. आणि तिचं चालणं मला माहीत असायला कारण होतं. बांधावरून, पायवाटेने, बाजारात, ती कायम पुढे असायची. मला वाटेत थांबून लोकांशी बोलायची सवय, तिला थांबणं माहीत नाही. तीस-बत्तीस वर्षं मी तिच्या पाठीकडे बघत चाललो.

साडी नेसायचं मला काही वाटलं नाही. जत्रेत आमच्याकडे पुरुष बायकांची सोंगं घेतात, म्हातारे सुद्धा घेतात. अडचण साडीची होती. दिशा पुण्यात सगळी दुकानं हिंडली, तसा हिरवा मिळाला नाही. मी कपाट उघडून कोंडिबाने आणलेली साडी तिच्यापुढे ठेवली.

तिने पिशवीवरचं दुकानाचं नाव पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, ही तर मावशींना..."

"व्हय. तीच."

इंद्रजित म्हणाला, दिवस मावळताना लांबून दोन्ही हिरवे एकच दिसतील.

आदल्या दिवशी दुपारी दिशाने मला साडी नेसवून बघितली. डोक्याला गंगावन बांधलं, त्यावरून पदर घेतला. मी अंगणात दाराकडे पाठ करून उभा होतो, ती मागे निऱ्या मोजत होती. पिना आणायला ती आत गेली. तेवढ्यात मागून सगुणाबाईचा आवाज आला.

"तुळजे, माजा तवा दे की गं. पावणं आल्यात."

मी म्हणालो, "देते."

मी तसं म्हणायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं. आवाज माझाच होता, पण ज्या तऱ्हेने म्हटलं गेलं, जरा ओढून, शेवटी खाली, ती तऱ्हा माझी नव्हे. मागून म्हातारी म्हणाली, "विसराम, तू हाईस व्हय रं?"

मी वळलो. तिने भिंत धरली होती.

"त्वांड दावलंस ते बरं क्येलंस," ती म्हणाली. मग जवळ येऊन तिने पदर बोटात धरून पाहिला. "ही कोंडिबाची. तिच्यासाटी आणलेली."

"व्हय."

"तिच्या अंगावर पडली न्हाई, आन् तू नेसलास. ती मागाया यील, विसराम."

"यिऊ दे," मी म्हणालो.

म्हातारी तवा न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. कॅमेरा मोकळा होता. दुपारी उतरताना हैबतराव बांधावर भेटले. मला साडीत बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी नमस्कार केला तर त्यांनी खाली बघूनच केला.

धरणाचा तळ तेव्हा वाळून तडकलेला असतो. चालताना वरची पापडी पायाखाली मोडते, त्याचा आवाज होतो. उतारावर मी पाइप टाकले, त्यावर गाडी, गाडीवर कॅमेरा. समोर एकामागे एक जोती. दगड जागच्या जागी आहेत. एका जोत्यावर जात्याची तळी पडलेली आहे. सगळ्यात खालच्या जोत्यापुढे थोडी ओल आणि मग पाणी. मला पहिल्या जोत्यापासून निघून पाण्यापर्यंत जायचं होतं. मृण्मयीने सांगितलं, "मागे बघायचं नाही, थांबायचं नाही. ती बाई थांबत नाही. मी कट म्हणेपर्यंत चालत राहा."

पहिल्या वेळी पलीकडच्या काठावर मोटरसायकली आल्या, वाया गेलं. दुसऱ्यांदा सूर्य डोंगराला टेकला होता. मृण्मयी म्हणाली, "आता हाच. याच्यानंतर उजेड नाही."

मी निघालो. डावा खांदा सोडला, उजवा पाय लोटला. पहिलं जोतं गेलं, दुसरं गेलं. रोज तिची पाठ पुढे असायची, आज पुढे कोणी नव्हतं, नुसतं पाणी. मला ते चमत्कारिक वाटत होतं.

मग मागून पावलं ऐकू आली.

पापडी मोडत होती, माझ्या पावलाची नव्हे, तिच्या जरा नंतर. मला वाटलं, इंद्रजित कॅमेरा उचलून मागे येतोय. त्यांनी आधी सांगितलं नव्हतं, पण असेल. मी चालत राहिलो. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं की ती चाल मला ओळखीची आहे. चार पावलं भरभर, मग एक आखडलेलं, मग परत भरभर. वाटेत थांबणारा, मग मागे पडलो म्हणून पळणारा माणूस तसा चालतो. मी तसा चालतो. माझ्या मागून माझी चाल येत होती.

भीती वाटली का, असं कोणी विचारलं तर मी हो म्हणेन. पण वळावंसं वाटलं नाही. वळायचं नाही असं सांगितलेलं होतं, आणि दुसरं म्हणजे, कोणीतरी मागून येतंय हे चालताना बरं असतं. तिला एवढी वर्षं ते असंच वाटत असेल का, असं मनात आलं. शेवटचं जोतं गेलं. ओल लागली. पाणी घोट्याला लागलं, मग पोटऱ्यांना, मग गुडघ्याला. कट कोणी म्हणेना. साडी जड झाली. पावलं बंद झाली होती. शेवटी मी उभा राहिलो आणि मागे पाहिलं.

मागे कोणी नव्हतं. इंद्रजित वर कॅमेऱ्यापाशीच होता. मृण्मयी खाली जमिनीवर बसली होती आणि दिशाने तिच्या खांद्याला धरलं होतं.

मी वर आलो. "कट म्हनली न्हाईस?"

"म्हटलं, काका," मृण्मयी म्हणाली. "खूप आधी म्हटलं. ओरडून म्हटलं. तुम्ही ऐकलं नाहीत."

"चांगलं झालं का?"

इंद्रजित केबल गुंडाळत होता, ती नीट गुंडाळली जात नव्हती. मी म्हणालो, "मला दाखव."

"घरी बघू."

"हितंच दाखव."

त्याने कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर लावलं. मी पदर डोक्यावर तसाच घेऊन वाकलो.

हिरव्या साडीतली बाई उतरत होती. मला वाटलं होतं, मी ओशाळेन. तसं झालं नाही, कारण ते बघताना मी आहे असं वाटतच नव्हतं. तुळजा चालली होती. एकटी. तिच्या मागे कोणी नव्हतं, नुसती वाळलेली जमीन. ती शेवटच्या जोत्याशी आली आणि थांबली.

"मी थांबलो न्हाई," मी म्हणालो.

"बघा पुढे," इंद्रजित म्हणाला.

ती थांबली. मागून कोणी हाक मारल्यावर थांबतात तसं. उजव्या हाताने तिने पदर धरला. मग ती वळायला लागली. आधी खांदा, मग मान. वाऱ्याने पदर मागे गेला आणि कान दिसला, आणि कानात कुडी. गालाची कड आली. तिथे चित्र संपलं.

माझे कान टोचलेले नाहीत. तुळजाच्या कुड्या तिला नेण्याआधी सगुणाबाईने काढून माझ्या हातावर ठेवल्या होत्या. त्या घरी कपाटात होत्या.

"फुडचं?" मी विचारलं.

"पुढचं नाही. तिने कट म्हटलं, मी बंद केला."

"बंद का क्येला?"

"काका, त्या वळत होत्या," मृण्मयी म्हणाली. "मला माहीत होतं की तुम्ही वळणार नाही. तुम्हाला सांगितलं होतं. मी स्क्रीनवर बघत होते आणि त्या वळत होत्या. मी वर बघितलं तर तुम्ही पाण्यात चालला होतात. सरळ. परत स्क्रीनवर बघितलं तर... मी कट म्हटलं."

मी साडीकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत भिजली होती, पाणी ठिबकत होतं. पडद्यावरची बाई पाण्यापर्यंत पोचलीच नव्हती.

"परत घ्या," मी म्हणालो. "आत्ता घ्या. मी परत चालतो."

"उजेड नाही, काका."

"मग फुडच्या रिकाम्या दिवशी."

"मी नाही करणार," ती म्हणाली. तिने ते हळू म्हटलं, पण पक्कं म्हटलं. "मला जे हवं होतं ते त्या थांबायच्या आधीच मिळालंय. पुढचं मला बघायचं नाही. तुमची शपथ, काका."

मी तिला खूप समजावलं. पुढच्या दिवसांतही फोन केले. मी म्हणालो, तुला बघायचं नसेल तर तू लांब उभी राहा, इंद्रजित घेईल. इंद्रजितला विचारलं तर म्हणाला, मृण्मयी नाही म्हणाली तर मी नाही येत. मी म्हणालो, कॅमेरा मला चालवायला शिकव. तो म्हणाला, "काका, चालणार तुम्ही, मग कॅमेऱ्यामागे कोण?" ते खरं होतं. त्याला हसू आलं, मलाही आलं. तेवढ्यात पाणी चढलं. आधी खालचं जोतं गेलं, आठवड्याभरात सगळी गेली.

साडी मी धुऊन वाळवली. सगुणाबाईला विचारलं, हिचं काय करू? ती म्हणाली, "पाण्यात सोड. तिला पोचंल." मी सोडली. ती बराच वेळ वर तरंगत राहिली, मग एका बाजूने भरली आणि खाली गेली. सगुणाबाई म्हणाली, आता झालं. मला तसं वाटलं नाही. तिला साडीच हवी असती तर ती वळली कशाला असती? ती मागे बघत होती. मागून जो येत होता त्याच्याकडे बघत होती.

चित्रपट पूर्ण झाला. बाई थांबायच्या आधी, चालता चालताच मृण्मयीने तो संपवला. लवळ्याच्या कॉलेजात दाखवला. संपल्यावर टाळ्या वाजल्या आणि बराच वेळ वाजल्या. एक बाई मृण्मयीचा हात धरून रडत होती, तिला काय झालं होतं कोण जाणे. बाहेरगावच्या एका महोत्सवात त्याची निवड झाली. मृण्मयीने लगेच फोन करून सांगितलं. तिला आता दुसरा चित्रपट कर म्हणून विचारायला लागलेत. मला त्याचा आनंद आहे. खोटं कशाला सांगू, त्या पोरांनी भाकरी आणि चादरींवर ते केलं आणि तुळजा त्यात आहे, माणसं तिला बघतात, हे मला फार आहे.

गावातही दाखवला, शाळेच्या हॉलमध्ये. बहुतेकांना वाटतं, शेवटी चालते ती तुळजाच. कोंडिबा पुढे बसला होता. तो मला म्हणाला, "दाजी, आक्का शेवटाला कशी चालली बगा. एकदा वळून बगितलं आसतं तर." मी त्याला काही सांगितलं नाही. हैबतराव मागच्या ओळीत होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

तो सबंध तुकडा मी मृण्मयीकडून मागून घेतला. ती देत नव्हती, मग दिला. दुकानातल्या पोराने मला चित्र एकेक करून थांबवायला शिकवलं. शेवटच्या चित्रात कान आहे, कुडी आहे, गालाची कड आहे आणि डोळ्याची नुसती पापणी. डोळा नाही. मी ते मोठं करून पाहिलं, लहान करून पाहिलं. तेवढंच आहे.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी परत उतरेल. मी इंद्रजितला विचारून ठेवलंय, तो अजून हो म्हणालेला नाही. चित्रपटाचं आता काही बाकी नाही. तिचा वळायचा शॉट घ्यायचा राहिला आहे.